ऑफिसातला पेढ्यांचा बॉक्स आणि आपलं पथ्य

आमच्या हॉलमध्ये आम्ही ३८ जण बसतो. म्हणजे वर्षाला ३८ वाढदिवस तर ठरलेलेच. त्यावर मुलांचे निकाल, नवी गाडी, फ्लॅटचा ताबा, बारसं, बढती, बदली होऊन आलेला, बदली होऊन निघालेला, तिरुपतीला जाऊन आलेला. आणि काहीच निमित्त नसताना "गरमागरम दिसले म्हणून घेतले" असं म्हणत समोशांची तेलकट पिशवी टेबलावर ठेवणारे आमचे एक साहेब, ते वेगळेच.

दोन वर्षांपूर्वी माझा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी, ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा, आणि मी त्यावर व्यवस्थित उभी होते. डॉक्टरांनी "गोड बंद, तळलेलं कमी, रोज चाला" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी ते जमलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, रात्रीचा भात निम्म्यावर आला. ऑफिसात मात्र पहिले तीन महिने सपशेल आपटले. मला गोडाचं फार वेड होतं असंही नाही. बॉक्स घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नव्हतं. पेढा नको म्हटलं की त्याचा आनंदच नको म्हटल्यासारखं वाटायचं, आणि हात आपोआप पुढे जायचा.

खालच्या पायऱ्या मी याच क्रमाने शिकले नाही. पण आज कुणी नव्याने पथ्य सुरू केलेलं विचारायला आलं, तर याच क्रमाने सांगते.

एक मात्र आधी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण टाळायचे किंवा लांबवायचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. साखर एकदम खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, गरगरतं. तेव्हा पथ्य बाजूला ठेवून साखर किंवा ग्लुकोज घ्यावंच लागतं.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा

आपल्या डब्यातून न आलेलं जे जे तोंडात गेलं, ते फोनमध्ये टिपायचं. वेळ, काय, आणि कुठे उभं राहून. कॅलरी वगैरे नंतर. माझ्या पहिल्या आठवड्यातला एक मंगळवार असा होता:

११.१० चहा, दोन मारी (जागेवर). १२.२० पेढा, परचेसमधल्या एकांच्या मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश (जिन्यात). १.४५ जेवणाच्या टेबलावर शेजारणीच्या डब्यातला गुळांबा, एक चमचा. ३.०० चहा. ४.४० अर्धा समोसा, मग उरलेला अर्धा (प्रिंटरपाशी). ५.१५ सकाळी "नंतर घेते" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेला दुसरा पेढा. ५.३० चहा.

यातलं मला मनापासून खावंसं वाटलेलं फक्त समोशाचा पहिला अर्धा भाग. बाकीचं सगळं भिडेपोटी, नाहीतर समोर होतं म्हणून. हे कागदावर दिसल्याशिवाय पटत नाही. मला तर वाटायचं, मी ऑफिसात "काहीच खात नाही".

दुसरी पायरी: पेढ्याआधी चहा बघा

सगळे केकवर डोळे वटारतात आणि चहाला सोडून देतात. हिशेब साधा आहे. चहाच्या एका चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे आठ चमचे, ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी, की वरून घातलेल्या साखरेतून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हव्यात, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्या तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि चांगल्यात चांगलं म्हणजे २५. नुसत्या चहाने आपण २५ ओलांडून बसतो, तेही एकाही वाढदिवसाला न जाता.

आमच्याकडे मामा एकाच पातेल्यात चहा करतात आणि साखर पातेल्यातच पडते. दोन आठवडे मी कुरकुरत तोच प्यायले. मग एकदा सकाळी पॅन्ट्रीत जाऊन म्हटलं, "मामा, साखर टाकायच्या आधी माझा एक कप काढून ठेवाल का?" मामा म्हणाले, "मॅडम, तुमच्याआधी पाच जणांचा काढतोय की मी रोज." ते पाच जण कोण, हे मला तोवर माहीतही नव्हतं. मशिनचा चहा असेल तर पाकीट वाचा. तयार मिश्रणात साखर आधीच असते, आणि ती कमी करायची सोय नसते. तिथे साध्या गरम पाण्याचं बटण आणि स्वतःची चहाची पिशवी हाच मार्ग.

एकदम बिनसाखरेचा प्यायला गेलात तर चौथ्या दिवशी परत फिराल. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिना-दीड महिन्याने लग्नाघरचा चहा पाकासारखा लागायला लागतो.

मारी बिस्किटाबद्दल एक: ते पथ्याचं आहे हा आपल्याकडे फार जुना समज, आजारी माणसाला देतात म्हणून. आहे ते मैदा आणि साखरच. एकात साधारण २५ कॅलरी, आणि एकच मारी खाऊन थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तिसरी पायरी: साडेचारची भूक आधीच मारून ठेवा

ऑफिसात बॉक्स सकाळी अकराला फिरला तर बरेच जण नको म्हणतात. तोच साडेचारला फिरला तर रिकामा होऊन परत येतो. एकला जेवलेलं असतं, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, घरी पोचायला साडेसात. त्या मधल्या पोकळीत समोर समोसा आला, तर निग्रह वगैरे सगळं थोतांड आहे. भूक लागलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षाच करू नये.

म्हणून दोन कामं. जेवणाच्या डब्यात पोट धरून ठेवणारं काहीतरी हवंच: उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, अंडं, जे तुमच्या घरात चालतं ते. आणि चार वाजता, भूक लागायच्या आधी, स्वतःचा छोटा डबा उघडायचा. माझ्या डब्यात बहुतेक वेळा मूठभर फुटाणे आणि एक पेरू असतो. कधी उकडलेल्या शेंगा, कधी काकडी आणि ताक. शेंगदाणे मोजूनच न्या. डबाभर नेले की डबाभर जातात, आणि त्यातलं तेल समोशातल्या तेलाच्या जवळ जातं. हा शोध मला वजनकाट्याने लावून दिला.

चौथी पायरी: बॉक्स कुठे ठेवला जातो ते बघा

आमच्याकडे उरलेला खाऊ प्रिंटरशेजारच्या कपाटावर जातो. प्रिंटरकडे दिवसातून वीस खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला झाकण अर्धवट उघडा बॉक्स दिसतो. एकदा नाही म्हणणं सोपं असतं, वीस वेळा नाही म्हणणं ही शिक्षा. मी बॉक्स उचलून पॅन्ट्रीत, फ्रीजवर ठेवायला लागले, झाकण लावून, रबर घालून. कुणी विचारलं तर "मुंग्या लागतात" एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही आहे. ज्याला हवा तो जाऊन घेतो. जो फक्त दिसला म्हणून खात होता, त्याचं खाणं आपोआप थांबतं. तुमची जागाच त्या कपाटासमोर असेल तर पाठ तिकडे येईल अशी खुर्ची फिरवा.

२०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमधल्या लॉबी, कॅन्टीन आणि मीटिंगच्या खोल्यांमध्ये खाद्यपदार्थांतलं तेल आणि साखर दाखवणारे फलक लावा, असं सुचवलं होतं. नागपूरच्या एम्सचं नाव त्या बातम्यांमध्ये बरंच गाजलं. लगेच "समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा" अशी आवई उठली, आणि जुलैमध्ये सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा लिहायला सांगितलेलं नाही, आणि भारतीय पदार्थांना वेगळं काढलेलं नाही. फलक लागले तर चांगलंच. पण आमच्या लोकांना मी ओळखते. त्या फलकाखालीच टेबल लावून केक कापतील.

पाचवी पायरी: नको कसं म्हणायचं

इथे थोडं थांबू या, कारण माणसं गळतात ती इथेच.

आपल्या पंक्तीत पहिलं "नको" कुणी मोजतच नाही. पहिलं नको म्हणजे भीड, दुसरं म्हणजे "आग्रह करा", आणि तिसऱ्या वेळी पानावर दोन्ही हात आडवे धरले तरच वाढपी पुढे सरकतो. ऑफिसातही तेच चालतं. म्हणून पहिल्या "नको"वर समोरचा थांबला नाही, तर तो दुष्ट आहे असं समजू नका. तो रीत पाळतोय.

काही वाक्यं मी वापरून पाहिली आणि फसले.

"मी डाएटवर आहे." हे वाक्य महाराष्ट्रात उच्चारायची सोयच राहिलेली नाही. लगेच विचारतात, "दीक्षित की दिवेकर?" मग एकजण डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूने दोनदाच जेवण आणि ५५ मिनिटं समजावतो, दुसरी ऋजुता दिवेकरांच्या बाजूने दर दोन तासांनी थोडं थोडं आणि वर तूप. या गदारोळात तुमच्या हातात पेढा कधी आला ते तुम्हालाही कळत नाही.

"वजन कमी करतेय." बायकांना उत्तर मिळतं, "तुम्हाला काय गरज? छान दिसताय की!" पुरुषांना मिळतं, "अरे, वाळलास किती, खा." दोन्ही उत्तरांचा शेवट "खा"वरच होतो.

"आज उपवास आहे." ही ढाल आपली लाडकी, आणि हिला भोक आहे. पेढा दुधाचा, उपवासाला चालतो. बर्फी चालते, काजूकतली चालते. समोशापुरता आणि केकपुरता उपवास कामाला येतो, पण गुरुवारी तुम्ही उपवास सांगितलात की पुढच्या गुरुवारी कुणीतरी प्रेमाने साबुदाण्याची खिचडी घेऊन येतं, वर शेंगदाण्याचा कूट आणि तूप. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही.

"नंतर घेते." याच्याबद्दल सहाव्या पायरीत.

आता जे चाललं ते. सगळ्यात कामाचा शब्द सापडला तो आपल्या आज्यांचा: "सोडलंय." आपल्याकडे लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात, काशीला जाऊन एखादी आवडती भाजी कायमची सोडून येतात. सोडलेल्या गोष्टीवर कुणी वाद घालत नाही, कारण विचारत नाही, कॅलरीचं तर नावच नाही. "गोड सोडलंय मी सध्या" असं शांतपणे म्हटलं, की बॉक्स धरलेला हात आपसूक मागे जातो. डाएट शब्दात मोडायची शक्यता ऐकू येते, सोडलंयमध्ये ती ऐकू येत नाही. खोटं व्रत मात्र सांगू नका. तो एक शब्द पुरे.

दुसरं, माणसाचं आधी बघा, बॉक्सचं मग. त्या परचेसमधल्या गृहस्थांचीच गोष्ट. धाकटीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा ते पुन्हा बॉक्स घेऊन आले. लाल दोरा नुकताच तोडलेला, झाकण काखेत. मी जागची उठले, अभिनंदन केलं आणि विचारलं, "आता पुढे काय घेणार ती?" झालं. तिला आर्किटेक्चर हवंय, हे म्हणतात फार्मसी घे, आई मध्ये अडकलीय, मोठीची हॉस्टेलची फी अजून भरायचीय, सगळं आलं. पाच-सात मिनिटं बोलले आणि खुशीत पुढच्या टेबलाकडे गेले. मी पेढा घेतला नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं, आणि कुणीतरी नीट ऐकलं होतं. उलट इतर टेबलांवर लोकांनी मान वर न करता पेढा उचलला आणि "अभिनंदन हां" म्हणून पुन्हा स्क्रीनकडे वळले.

केक भरवण्याचा प्रकार असेल तर फोटो तुम्ही काढा. फोटो काढणाऱ्याच्या तोंडात कुणी केक कोंबत नाही, आणि नंतर ग्रुपवर टाकायला म्हणून सगळे तुमच्याशी गोडच वागतात. नाहीतर डिश वाटायचं काम घ्या. वाढणाऱ्याने खाल्लं की नाही, हे कुणी पाहत नाही.

प्रसादाचं वेगळं. सत्यनारायणाचा शिरा, तिरुपतीचा लाडू, गणपतीचा मोदक याला "सोडलंय" म्हणू नये, निदान मला म्हणवत नाही. पण प्रसादाची रीत मुळातच कणभराची आहे. उजवा तळहात पुढे करून "कणभर द्या" म्हणायचं, कपाळाला लावायचं, तोंडात टाकायचं. द्रोण भरून शिरा खाण्याला प्रसाद हे नाव आपण नंतर दिलं.

साहेबांनी स्वतः हातात दिलं तर? घ्या. एकदा घेतल्याने काही बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवशी, बॉक्स समोर नसताना, निवांत वेळी सांगून टाका: "सर, शुगर थोडी वर आलीये, म्हणून गोड बंद केलंय." बॉक्ससमोर सांगितलेलं कारण बहाणा वाटतं. एरवी निवांत सांगितलेली माहिती लोक लक्षात ठेवतात. आमचे साहेब तर आता मीच विसरले तर आठवण करून देतात, जे कधीकधी फार होतं.

आणि तुम्ही एकटे आहात असं समजू नका. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरातल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. म्हणजे बहुतेक हॉलमध्ये माझ्यासारखे आणखी असणारच, गप्प बसलेले. मामांच्या बिनसाखरेच्या चहाचे ते पाच जण शोधून काढा. दोघांनी मिळून नको म्हटलं की आग्रह निम्मा होतो.

सहावी पायरी: ड्रॉवरमध्ये काहीही ठेवू नका

टिश्यूत गुंडाळलेला पेढा ड्रॉवरमध्ये गेला की त्याचं काय होतं, हे मंगळवारच्या यादीत आलंच आहे. सकाळी निर्धाराने बाजूला ठेवलेला तो सव्वापाचला एकटा बसून खाल्ला जातो, आणि तेव्हा सोबतीला आनंदाची बातमीही नसते. हातात आलाच तर दहा मिनिटांच्या आत पुढे द्या. मामांना, सिक्युरिटीवाल्या काकांना, हाउसकीपिंगच्या ताईंना. पण देताना माणसाला देतात तसं द्या. "मी खात नाही म्हणून तुम्ही घ्या" असं नको. "अमक्यांच्या मुलीचा पेढा आहे, घ्या" असं म्हणायचं. काका-मामांनाही शुगर असू शकते. आमच्या काकांना आहे. तेव्हा विचारूनच.

घरी मुलांना नेते, हा बहाणाही मी करून पाहिला. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये बॉक्स उघडला जातो.

सातवी पायरी: काय खायचं, ते आधीच ठरवा

सगळंच बंद, हे मला जमलं नाही आणि जमायला हवं असंही वाटत नाही. माझा नियम असा: जे गावाहून येतं ते खायचं, जे कोपऱ्यावरून येतं ते सोडायचं. साताऱ्याहून कुणी कंदी पेढे आणले, नागपूरहून संत्रा बर्फी, बेळगावहून कुंदा, नरसोबाच्या वाडीहून कवठाची बर्फी, मालवणहून आल्याचं खाजं, गोव्याहून बेबिंका, तर मी खाते आणि चवीने खाते. माणसाने बॅगेत जागा करून, एस्टीत मांडीवर धरून ते आणलेलं असतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतला अर्धा किलोचा केक मात्र वर्षात ३८ वेळा येतो, त्याची चव ३८ वेळा तीच असते, आणि स्वस्त केकवरचं क्रीम बहुतेकदा दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं. ते सोडताना मला कधी हळहळ वाटली नाही.

खायचं ठरलं तर असं: जेवणानंतर लगेच, बसून, अर्धा. पेढ्यांच्या किलोत साधारण ४० ते ५० नग बसतात, म्हणजे एक २० ते २५ ग्रॅमचा आणि जवळपास १०० कॅलरींचा. अर्ध्यात चव पूर्ण कळते. दुसरा अर्धा खाताना जीभ काही नवं सांगत नाही, खरंच लक्ष देऊन पाहा. उरलेला अर्धा शेजारणीला. आमच्यात आता हा करारच आहे.

गुळाचं आणि शुगर-फ्रीचं इथेच उरकते. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. कॅलरीत फरक नगण्य, रक्तातली साखर तोही चढवतो. शुगर-फ्री काजूकतलीत साखर नसते, पण काजू असतातच, आणि पाटीवरचं नाव वाचून माणूस तीन खातो. खजुराचे लाडू पौष्टिक आहेत, मान्य, पण गोडच आहेत.

आठवी पायरी: वर्षाचे घाट ओळखून ठेवा

रोजचा बॉक्स सांभाळता येतो. काही दिवस मात्र पूर येतो, आणि ते कॅलेंडरवर आधीच दिसतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर जिलेबी. सकाळी काही न खाता गेलात तर चार जातात, म्हणून घरून नाश्ता करूनच निघा. संक्रांतीला तिळाच्या वडीऐवजी हलव्याचे चार दाणे घ्या, गोड बोलायला तेवढे पुरतात. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणं असतात, तिथे लाडू पिशवीत घालून आणणं शिष्टाचारात बसतं.

सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत ३१ मे हा खास दिवस. आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस नियमाने आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला एकाच दिवशी चार-चार निरोप समारंभ, चार वेळा गुलाबजाम आणि चार वेळा कचोरी. मी एकाच ठिकाणी खाते, ज्यांच्यासोबत जास्त वर्षं काढली तिथे. बाकी तिघांना भेटून, पाया पडून, त्यांच्या घरचा पत्ता घेऊन येते.

दिवाळीच्या आधी पुरवठादारांचे बॉक्स आणि नंतर प्रत्येकीच्या घरचा फराळ असं दोन्हीकडून येतं. फराळाला मी नाही म्हणत नाही, कारण प्रत्येकीची चकली वेगळी असते आणि तो मान द्यायलाच हवा. एक छोटी डिश घेते, त्यात प्रत्येक डब्यातलं एक काहीतरी, आणि ती डिश हेच त्या दिवशीचं दुपारचं जेवण. डबा खाऊन वर फराळ, असं होऊ द्यायचं नाही. डॉक्टरांना हे ऐकवलं तेव्हा त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

नववी पायरी: तुमची पाळी आली की

तुमच्या वाढदिवसाला लोक बघतात की ही बाई आता काय आणते. नुसती सॅलडची डिश आणलीत तर आयुष्यभर ऐकाल. मी पहिल्या वर्षी काकडी-गाजराच्या फोडी नेल्या होत्या. तो बॉक्स संध्याकाळी जसाच्या तसा माझ्याबरोबर घरी आला. आता माझ्याकडून काहीही निमित्त असलं, तरी मोसम बघून आणते. हिवाळ्यात मार्केट यार्डातून हुरड्याची कणसं आणि लसणाची चटणी, नाहीतर सीताफळांची पेटी. जूनमध्ये उकडलेल्या मक्याची कणसं. एरवी सुकी भेळ, तिथेच पातेल्यात कालवून, वर कैरी आणि कच्चा कांदा. कालवायला चौघं येतात, हात मिरचीचे होतात, हसणं-खिदळणं होतं, आणि केक नव्हता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. केकच्या वर्गणीत मात्र माझे ५० रुपये ठरल्यासारखे जातात. खात नाही म्हणून वर्गणी बंद केली असती, तर ते खरोखर माणसाला नाही म्हणणं झालं असतं.

आणि एखाद्या दिवशी तीन समोसे आणि दोन गुलाबजाम झाले तर? होतात. मार्चअखेरीला, रात्री नऊपर्यंत ताळेबंद जुळत नसताना, माझेही झाले होते. त्याची शिक्षा म्हणून रात्रीचं जेवण बंद करायचं नाही. तसं केलं की दुसऱ्या दिवशी अकरालाच हात बिस्किटांच्या पुड्याकडे जातो. घरी जाऊन भाजी, थोडं वरण, थोडं चालणं, झोप. सकाळी डबा नेहमीसारखा भरायचा, आणि पॅन्ट्रीत गेल्यावर मामांना आठवण करायची की साखर टाकायच्या आधी एक कप.